अंबुजाक्का उभ्या राहिल्या

तुम्ही कधी कोर्टात नुसते जाऊन बसला आहात का? नुसते म्हणजे नुसते. अंगावर खटला नसताना, साक्षीचं समन्स नसताना, कुणाला जामीन राहायचं नसताना. मागच्या बाकावर, पंख्याखाली, बघत. नाही ना? मग अडवलं कुणी होतं? दारावर पाटी होती? कोर्ट सगळ्यांना उघडं असतं म्हणतात. ज्या दारातून कुणी कधी आत येतच नाही, ते दार उघडं की बंद, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

चिडून सुरुवात केलीस की लोक पुढे वाचत नाहीत, असं माझा नवरा म्हणतो. तो इथे चेन्नईजवळच्या आवडी गावात संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे आणि त्याच्या कारखान्याबाहेरचं त्याला फारसं काही पटत नाही. पण या एका बाबतीत त्याचं ऐकते. अंबुजाक्कांबद्दल सांगते.

अंबुजाक्का तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं घर. नवरा सरकारी कचेरीत कारकून होता, तो गेला. एकच मुलगी, सहाना. तीही गेली. सहानाची मुलगी जननी, वय वर्षं दहा, ही आजीजवळ आवडीला दोन खोल्यांच्या घरात. एवढंच कुटुंब.

माझी त्यांची ओळख कोर्टातच झाली. खालच्या कोर्टात, मागच्या बाकावर. मी कायदा शिकलेली नाही. बायकांना घेऊन पोलीस ठाण्यात जाता जाता, कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळता ताटकळता जे कळलं ते माझं शिक्षण. त्या दिवशी एका बाईच्या पोटगीसाठी गेले होते आणि फोनवर नवऱ्याला मराठीत झापत होते. मागून आवाज आला, "हळू गे. जज ऐकतील. आणि त्यांनी नाही ऐकलं तरी मी ऐकते की."

वळून बघते तर पांढऱ्या ठिपक्यांची तपकिरी सुंगुडी साडी, कपाळावर विभूती, आणि डोळ्यांत हसू. चेन्नईत अनोळखी बाई मराठीत टोकते म्हटल्यावर मी फोनच बंद केला.

"तुमची मराठी फार जुनी आहे हो," मी म्हटलं. "गाडी चुकून मागच्या शतकात राहिल्यासारखी."

"गाडी नाही चुकली. आम्ही आधी उतरलो. तुम्ही आता पोचताय." मग माझ्या गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "पाय खाली घे. पायावर पाय टाकून इथं बसाचं नाही."

कोर्टात कसं वागायचं हे त्यांना त्या बाकानं शिकवलं होतं. पहिल्या तारखेला त्या गोंधळून बसूनच राहिल्या होत्या. शेजारी एक फुलं विकणारी बाई होती, मुलाच्या मारामारीच्या खटल्याला आलेली. तिनं दंडाला धरून उठवलं. जज आले की उठायचं. आपल्या खटल्याचा पुकारा झाला की उठायचं आणि तो संपेपर्यंत उभं राहायचं. हात जोडायचे. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पट्टेवाला सांगत नाही, वकील सांगत नाही, सांगते ती शेजारची बाई. पुढे अंबुजाक्का दुसऱ्यांची शेजारची बाई झाल्या. नवी माणसं आली की यांचा हात त्यांच्या दंडावर.

सहानाच्या मृत्यूचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि अक्कांनी एक तारीख चुकवली नाही. पुकारा झाला की ही तपकिरी साडी मागे उभी राहायची. साक्षीदार फुटले तेव्हा उभी, वकील आला नाही म्हणून तारीख पडली तेव्हाही उभी. मी एकदा विचारलं, "अक्का, सरकारी वकील आहे, पोलीस आहेत. तुम्ही नाही आलात तर काय होईल?"

"जजना वाटेल, या पोरीचं कोणी नाही." एवढंच म्हणाल्या.

आणि ते वेडेपण नव्हतं. बाकावर कुणी बसलेलं असलं की सरकारी वकील कागद वाचून येतो. हे मी शंभर खटल्यांत बघितलंय.

आरोपी होता जावई, विजयेंद्र. त्याचं म्हणणं असं की सहाना गच्चीवर वडाम, म्हणजे आपल्या कुरडया, वाळत घालत होती आणि पाय घसरून पडली. अक्कांना साक्षीला बोलावलं तेव्हा त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "अय्या, कार्तिक महिना होता. या गावात कार्तिकात पाऊस पडतो. वडाम कोण घालतं?" कोर्टात कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. विजयेंद्रला शिक्षा झाली. छळ केला, मरायला भाग पाडलं, असं निकालात आलं. त्यानं ढकललं असं निकालात यायला हवं, असं अक्कांचं म्हणणं होतं. ते आलं नाही. तरी त्या घरी गेल्या, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि जननीला म्हणाल्या, "तुझ्या अम्माचं ऐकलं त्यांनी."

त्या दिवसापासून त्यांची पक्की समजूत झाली. कोर्ट ऐकतं. आपण नीट उभं राहिलो आणि विचारल्यावर बोललो, तर ऐकतं.

विजयेंद्रनं वरच्या कोर्टात अपील केलं आणि अपील संपेपर्यंत मला बाहेर सोडा असा अर्ज टाकला. कोर्टाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक त्या एका कोर्टाला नावं ठेवतात आणि बाकीची सुटतात.

अर्जाची नोटीस अक्कांनाही आली. मुलीची आई म्हणून तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. सरकारी वकील सरळ माणूस होता. तो म्हणाला, "अम्मा, अपिलं तुंबलेली आहेत. जामीन बहुतेक होईल, मी खोटी आशा दाखवत नाही. पण तुम्ही अट मागू शकता. मुलीकडे फिरकू नये, तिला न्यायचा प्रयत्न करू नये. हे तुम्ही स्वतः मागा. मी मागितलं तर कागद होतो. आजी मागते तेव्हा जज वर बघतात."

म्हणजे मुद्दा एवढाच उरला होता. जामीन होवो न होवो, अक्कांना कोर्टापुढे एक वाक्य बोलायचं होतं. "जननीजवळ त्यानं येऊ नये, अय्या. ती माझ्याजवळ राहू दे." त्यांनी ते तमिळमध्ये बसवलं. भाजी चिरताना म्हणायच्या, जननीच्या वेण्या घालताना पुटपुटायच्या. जननी आजीला तमिळ पद्धतीनं पाटी म्हणते. ती विचारायची, "पाटी, कुणाशी बोलतेस?" तर म्हणायच्या, "श्लोक आहे."

आणि त्याच सुमारास रेल्वेच्या जिन्यावर पाय निसटला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, घरी वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं की प्रवास नाही, आणि उभं राहायचं ते गरजेपुरतं, कुणीतरी धरलेलं असताना.

मी तारीख पुढे ढकला म्हणून सरकारी वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "कशाला? लिंक आहे. घरी बसून हजर राहता येतं."

मला ती लिंक माहीत होती. साथीच्या काळात कोर्टं पडद्यावर गेली तेव्हा कितीतरी ठिकाणी लिंक कुणालाही मिळायची. मी घरी भात शिजवता शिजवता पाच पाच खटले बघायची. आमच्या चाळीतल्या बायका कधी नव्हे ते विचारायला लागल्या होत्या, काल त्या बाईचं काय झालं म्हणून. मग कुठल्यातरी मवाल्यानं सुनावणीत शिरून उघडा होऊन नाच केला. या कोर्टानं दार लावून घेतलं. लिंक फक्त खटल्यातल्या लोकांना, नाव आधी कळवायचं, आणि चेहरा सतत दिसला पाहिजे. चेहरा दिसला नाही तर बाहेर. एक नागडा नाचला म्हणून कपडे घातलेल्या सगळ्यांना हाकललं.

मी तेव्हा कोर्टाच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन भांडले होते.

"लिंक कुणासाठी हवी?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"जनतेसाठी."

"जनतेचा केस नंबर काय?"

"तुमचा पगार ज्यातून होतो तोच."

त्यानं खिडकी लावून घेतली. मान्य, तिथे मी गोड बोलायला हवं होतं. पण लिंक मला गोड बोलूनही मिळाली नसती.

अक्कांचं नाव मात्र कळवलेलं होतं, त्यांना लिंक आली. त्यांच्या खालच्या मजल्यावर राजगोपाल म्हणून निवृत्त गृहस्थ राहतात, केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेलेला. फोनचं त्यांना कळतं. ते म्हणाले, मी लावून देतो. मी अक्कांजवळ थांबते म्हटलं तर अक्कांनी मान हलवली.

"तू तिकडं जा. कोर्टात."

"अहो, तुम्ही पडद्यावर असणार. मी तिथं जाऊन काय करू?"

"माझ्या जागी बस. बाक रिकामा दिसला तर काय म्हणतील?" मग म्हणाल्या, "आणि तो येईल ना, विजयेंद्राचा वकील. त्याला कळू दे, आम्ही दोघी आहोत."

मी गेले. लोकल, मग पायी. दारात पिशवी तपासली, नाव लिहिलं, शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसले. समोर मोठा पडदा, त्यावर चौकोन. कुणी वकील गाडीत बसलेला, कुणाच्या मागे कायद्याची पुस्तकं, कुणाच्या मागे कपाट. आणि एका चौकोनात अंबुजाक्का. ताठ बसलेल्या, विभूती लावलेली, तीच साडी. खुर्चीमागे भिंतीवर सहानाचा फोटो अर्धा दिसत होता. मी बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

तिकडे घरी काय मांडामांड होती ते मला नंतर कळलं. राजगोपालांनी स्टुलावर पितळी डबा ठेवून त्याला फोन टेकवला. अक्का खुर्चीत बसल्यावर तोंड बरोबर मध्ये येतं ना, हे बघितलं. आवाज बंद केला आणि सांगितलं, "तुम्हाला बोलायला सांगतील तेव्हा हे बटण दाबायचं, अम्मा." मग ते खोलीबाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. त्यांना वाटलं, कोर्ट चालू असताना आपण परके, आपण तिथे कसे थांबणार. समोरच्या घरातली अर्चना मदतीला आली होती, तिलाही त्यांनी बाहेर घेतलं. दोघं जिन्यात उभे राहिले. खालून भाजीवाला ओरडत आला तर राजगोपालांनी त्याला हातानं गप्प केलं. मंदिरात अभिषेक चालू असताना करतात तसं.

चांगली माणसं. मला त्यांच्यावर रागही काढता येत नाही. पण एवढं बघा. कोर्टाच्या बाकावर अक्कांच्या दोन्ही बाजूंना माणसं असायची. इथे चार भिंती आणि एक पितळी डबा.

आमचा नंबर आला. कारकुनानं पुकारा केला. विजयेंद्रचा वकील समोर उभा राहिला. आणि पडद्यावर अक्कांचा चौकोन हलला.

त्या उठत होत्या.

डोकं वर गेलं, मग गळा, मग खांदे. चौकोनात उरली तपकिरी साडी, पांढरे ठिपके, निऱ्या, आणि वॉकरची एक दांडी. साडी थरथरत होती. ज्या बाईला डॉक्टरांनी धरल्याशिवाय उभं राहू नकोस म्हणून सांगितलं होतं, ती आपल्या खटल्याचा पुकारा झाला म्हणून उभी राहिली होती. हात जोडलेले असणार. वॉकर सोडून हात जोडले असतील तर ती कशाच्या आधारावर उभी होती, हे मला आजही कळत नाही.

विजयेंद्रचा वकील इंग्रजीत बोलत होता. आरोपी इतकी वर्षं आत आहे, वर्तन चांगलं आहे, अपिलाला वेळ लागेल. सरकारी वकील म्हणाला की मृत मुलीची आई हजर राहणार आहे, तिला काही सांगायचं आहे.

"नोटीस पोचली? आहे का ती?" जजनी विचारलं. बघा, विचारलं त्यांनी. विचारलं नाही असं मी म्हणणार नाही.

कॉम्प्युटरवर बसलेल्या कारकुनानं पडद्याकडे बघितलं. चेहरा नसलेला एक चौकोन होता. नियम नियम आहे. त्यानं बोट दाबलं आणि ठिपक्यांची साडी गेली. तिच्या जागी दुसऱ्या कुठल्यातरी वकिलाचं कपाट आलं.

"नाव पुकारलं, कुणी नाही," तो म्हणाला.

मी उठले. तमिळमध्ये ओरडले, "अय्या, होती ती. ती आई होती. ती उभी आहे, म्हणून दिसली नाही."

जजनी वर बघितलं. "या कोण? वकील?"

"नाही."

"खटल्यात पक्षकार?"

"नाही. मी बघायला आलेली आहे. सगळ्यांना दिसत होतं ते सांगतेय. तिला परत आत घ्या, दोन मिनिटं..."

पोलीसबाईनं माझं कोपर धरलं होतं. सरकारी वकिलानं वळून माझ्याकडे बघितलं, पण त्यानं पडद्याकडे पाठ करून युक्तिवाद केला होता. त्यानं साडी बघितलीच नव्हती. तो फायली चाळत राहिला. जज शांतपणे म्हणाले, "काही असेल तर अर्ज करायला सांगा." मग त्यांनी ऑर्डर सांगायला सुरुवात केली. मला दाराबाहेर नेईपर्यंत एक वाक्य कानावर आलं. पीडितेच्या आईस नोटीस बजावूनही तिच्यातर्फे कोणी हजर नाही. नेहमीच्या अटींवर जामीन. पत्ता द्यायचा, देश सोडायचा नाही, ठाण्यात हजेरी. जननीचं नाव कुठेच नाही. कुणी मागितलंच नव्हतं ना.

बाहेर येऊन मी राजगोपालांना फोन लावला. त्यांनी दबक्या आवाजात उचलला. "श्श. नंतर करा. कोर्ट चालू आहे."

"राजगोपाल सर, आत जा. संपलंय."

"नाही हो. आतून अजून बोलावणं नाही आलं."

"आत जा म्हणतेय ना मी."

दार ढकलल्याचा आवाज आला. मग अर्चनाचा आवाज, "अय्यो, अक्का." मग बराच वेळ फोनवर नुसतं खुर्ची सरकवल्याचं, भांडं पडल्याचं कानावर येत राहिलं. अक्का उभ्याच होत्या. फोनच्या पडद्यावर अक्षरं आली होती, कृपया थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल. इंग्रजीत. त्यांना तेवढं वाचता येत होतं. कोर्टानं थांबा म्हटलं, म्हणून त्या थांबल्या होत्या. उभ्या.

शेवटी फोन त्यांच्या कानाला लागला. "प्रमोदिनी, आता माझी पाळी का गे?"

मी म्हटलं, अक्का, आधी खाली बसा, घरी येऊन सांगते. 

संध्याकाळी घरी गेले तेव्हा त्या पलंगावर होत्या, पाय सुजलेला. जननी पायाशी बसून गृहपाठ करत होती, म्हणून आम्ही हळू बोललो. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मी बसून राहिले असते तर दिसले असते."

"हो."

"जज समोर असताना?" त्यांना ते खरंच कळत नव्हतं. "पुकारा झाल्यावर बसून राहाचं? असं कोण राहतं?"

"पडद्यावर बसतात, अक्का. सगळे बसतात. तो वकील तर गाडीत बसला होता."

"कोणी सांगटलं नाही मज."

नव्हतंच सांगितलं. नियमांचा कागद लिंकबरोबर आला होता. इंटरनेट चांगलं हवं, मागे गोंगाट नको, चेहरा दिसला पाहिजे. उभं राहू नका, हे त्यात नव्हतं. ज्यांनी तो कागद लिहिला, त्यांनी स्वतः कधी पुकाऱ्याला उठून हात जोडलेले नसणार.

मी अर्ज लिहिला. चांगला कडक लिहिला. सरकारी वकिलानं त्यातले कडक शब्द काढले आणि तो दाखल केला. अट घाला, आईला ऐका. अर्जाला तारीख मिळायची वाट बघायची होती. वाट बघणं अक्कांना जमतं. पण विजयेंद्रला बाहेर यायला तेवढा वेळ लागला नाही.

तो आला सुट्टीच्या दिवशी सकाळी. बरोबर त्याची आई आणि हातात मिठाईचा डबा. आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. अक्का जननीची वेणी घालत होत्या. तो दारात उभा राहून म्हणाला, "अप्पा आलाय, कण्णा. चल." जननीनं आजीकडे बघितलं. राजगोपाल खालून धावत आले, मध्ये उभे राहिले. विजयेंद्रनं त्यांना कोर्टाचा कागद दाखवला. आयुष्यभर सरकारी कागदापुढे मान झुकवलेला माणूस. कागद बघितला आणि बाजूला झाला. अक्का वॉकर ओढत दारापर्यंत पोचल्या तोवर गाडी वळली होती. एक वेणी झालेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, तशी ती मुलगी गेली.

मी ठाण्यात जाऊन बसले. इन्स्पेक्टर मला ओळखतो. चहा मागवला त्यानं. म्हणाला, "मॅडम, ओरडू नका, वाचून दाखवा. मुलीकडे जाऊ नये असं या ऑर्डरमध्ये कुठं आहे?"

"नाही."

"बाप आहे तो."

"शिक्षा झालेला बाप. जिच्यासाठी झाली ती या पोरीची आई."

"ते मला नका सांगू. ज्यांना सांगायचं होतं, त्यांना त्या दिवशी का नाही सांगितलं?"

मी चहा तसाच ठेवून उठले. त्याला उत्तर द्यायचं तर सुंगुडी साडीपासून सगळं सांगावं लागलं असतं.

आता जननी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. शाळा बदलली. फोन विजयेंद्रच्या आईकडे असतो, त्यांनी उचलला तर उचलला. एकदा उचलला तेव्हा जननी तमिळमध्ये म्हणाली, मी बरी आहे. अक्का म्हणाल्या, "आपल्यातलं बोल की." तिकडून काहीच आलं नाही. जवळ कुणीतरी असणार. तिला त्या घरी मारतात का, जेवायला नीट घालतात का, मला माहीत नाही. माहीत नसताना मी लिहिणार नाही. मला इतकंच माहीत आहे की त्या घराला गच्ची आहे.

अर्जाला तारीख मिळाली आहे. अक्कांचा पाय पुन्हा दुखावला, त्यामुळे याही वेळी लिंकच. या वेळी मी खोलीत थांबणार, अर्चना थांबणार, राजगोपालांनाही आत खुर्ची टाकणार. बाकावर असतात तशी माणसं दोन्ही बाजूंना. आम्ही सराव केला. मी कारकून झाले आणि पुकारा केला. अक्का उठल्या. पुन्हा केला, पुन्हा उठल्या.

"अक्का, बसा ना."

"मी बसतेच गे. पाय उठतात."

मग त्यांनी दोरीवरचा पंचा ओढून माझ्या हातात दिला. "मज बांध खुर्चीला. कमरेला. वरनं पदर घे, दिसाचं नाही."

मी म्हटलं, हे असलं काही मी करणार नाही. त्या म्हणाल्या, "तुझा मान मोठा की जननी?" मी बांधलं. पुकारा केला. पंचा ताणला गेला, खुर्ची करकरली, पण अक्का बसून राहिल्या. हात जोडले. आणि ते एक वाक्य म्हणाल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता, माझ्या फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत.

मी पुन्हा खिडकीवर गेले होते. या वेळी गोड बोलले. लेखी दिलं की ही सुनावणी बघायची आहे, लोकांसाठी लिंक द्या. उत्तर आलेलं नाही. त्या दिवशी पडद्यावर शंभर लोक असते, तर शंभरातल्या दहांनी तरी ती साडी बघितली असती. दहांना एकाच वेळी बाहेर काढता येत नाही. मी एकटी होते, म्हणून एक पोलीसबाई पुरली.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही जिथे असाल तिथलं कोर्ट बघा. एक दिवस जा. काम नसताना जा. पिशवी तपासू द्या, नाव लिहा, मागच्या बाकावर बसा. लिंक मिळत असेल तर लिंकवर बसा, तोंड दाखवून. मिळत नसेल तर मागा आणि "जनतेचा केस नंबर काय" असं विचारलं तरी हलू नका. आणि कधी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी नुसती साडी थरथरताना दिसली, तर उठून मोठ्यानं सांगा की तिथं माणूस उभं आहे. तुम्हाला बाहेर काढतील. काढू द्या. पण सांगितल्याशिवाय बाहेर येऊ नका.